डाव्या खांद्यातला कापूस

शिशिराची सकाळ होती. तापीच्या पात्रावर धुक्याचे धवल वस्त्र पसरले होते, आणि काठच्या केळीबागा दवाने निथळत उभ्या होत्या. घडांच्या भाराने कललेल्या केळींना बांबूचे टेकू दिले होते. कललेले सारे टेकूवर उभे होते. टेकू होता म्हणूनच उभे होते.

शाळेच्या पटांगणावर प्रजासत्ताकाचा ध्वज फडकला, लेझीम छमछमली. भाड्याने आणलेल्या निळ्या पोशाखांतली मुलींची रांग वाऱ्यावर डुलणाऱ्या जवसाच्या फुलांसारखी चरणचपल झाली. त्या रांगेत अकरावीतली चारुशीला होती, सुकदेव शिंप्याची एकुलती लेक. गर्दीत उभ्या सुकदेवाचे चित्त मात्र थाऱ्यावर नव्हते. लेकीच्या अंगावरचा हा पहिलाच पोशाख, जो त्याच्या हातचा नव्हता.

शिट्टी वाजली. मुली कमरेतून वाकल्या. साऱ्या पाठी सपाट, साऱ्या पाठी शांत. आणि एकाच पाठीवर, उजव्या अंगाला, एक टेकाड उगवले.

"अगं बया! शिंप्याच्या चारूच्या पाठीला काय झालं गं?"

"लेझीम पाठीत लपवली का काय!"

हास्याची लहर उठली. चारुशीला ताल चुकली. सुकदेवाने मान खाली घातली. कारण त्या टेकाडाचे सुकदेवाला नवल नव्हते.

चार दिवाळ्यांपूर्वी माप घेताना त्याच्या बोटांना ते प्रथम कळले होते. उजवा खांदा किंचित उंच. वाढते वय आहे, होईल सरळ, असे तो मनाशी म्हणाला. मुलीची गोष्ट, गावात बोभाटा नको, असेही म्हणाला. मग त्याने दोन्ही खांद्यांत कापसाची गादी घातली. डावीकडे जरा जाड. वर्षागणिक खांदा चढला, वर्षागणिक कापूस चढला. पाठीला उजवीकडे सैल घेर, डावीकडे आवळ शिवण. लेक आरशात सरळ दिसे. गावाला सरळ दिसे. जन्मदात्या आईलाही सरळ दिसे. त्या सुबक, सुरेख, सुईदोऱ्याच्या असत्यावर सुकदेव स्वतःही हळूहळू विश्वास ठेवू लागला होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात एक्स-रेच्या काळ्या पटावर कणा उमटला. ती सरळ ओवलेली मण्यांची माळ नव्हती. ते तापीचे वळण होते. कणा नुसता कलत नाही, पिळतोही, म्हणून वाकल्यावर बरगड्या वर येतात, असे डॉक्टरांनी समजावले.

चारुशीलेच्या आईने, गिरजाबाईने, पदर तोंडाला लावला. "माझंच पाप, डॉक्टरसाहेब. मीच पोरीच्या कमरेवर हंडे दिले."

"नाही हो ताई. हंड्यानं होत नाही, दप्तरानंही नाही. कारण बहुधा कळतच नाही. पण वाढीच्या वयात कळलं असतं तर पट्टा बांधून बाक बहुतेक तिथंच थोपवला असता. आता वाढ संपली, आणि बाक फार झालाय. मोठं ऑपरेशन करावं लागेल. नाहीतर तो वयाबरोबर वाढत जाईल, पुढं श्वासालाही जड पडेल." डॉक्टरांनी चारुशीलेच्या खांद्यांकडे पाहिले. "कपडे एका खांद्यावरून उतरत नव्हते का हिचे? आईबापांना बहुधा तिथंच कळतं."

गिरजाबाईचा ओला चेहरा अभिमानाने उजळला. "छे हो! ह्यांच्या हातचे कपडे तिचे. कधी तसूभर तिरके बसले नाहीत."

सुकदेव खिडकीबाहेर बघत राहिला. चारुशीला मात्र बापाकडे बघत राहिली.

सायंकाळी दुकानात तांबूस उजेड भरला होता. चारुशीलेने आपले सारे कपडे आणून मशीनवर ठेवले.

"आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं."

तिने कात्री त्याच्या हातात दिली.

"उसवा."

तो उसवत गेला. टाक्यामागून टाका सुटला, खांद्यामागून खांदा उघडला, आणि चार दिवाळ्यांचा कापूस त्याच्या पायाशी साचत गेला. शुभ्र, निर्भार, निरर्थक. नदीवरून वारा आला. एक पुंजका उंबरा ओलांडून केळीबागेकडे घरंगळला.

तिथे केळीला टेकू होता. इथे कापडाला कापूस होता. कण्याला मात्र कोणीच नव्हते.