शेवटचं अक्षर

चार डिसेंबर, सकाळचे साडेनऊ. सांस्कृतिक केंद्राच्या मंचावर त्रुदा मुशोवने गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि पेटी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली. तालीम तिच्यापुरती संपली होती.

बाहेर खाणीचा बँड पहाटेपासून रस्तोरस्ती वाजवत फिरत होता. बार्बुर्केला, खाणकामगारांच्या सणाला, तो दर वर्षी असाच फिरतो. खाण दोन वर्षांपूर्वी बंद झाली. बँड बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

"मावशी, एका अक्षरासाठी अडून बसलीयस," नोर्बेर्त म्हणाला.

"एका अक्षरासाठी तूच सकाळपासून माझ्या मागे लागलायस. एवढं लहान आहे ना, मग सोड की."

नोर्बेर्त केंद्राचा संचालक. त्रुदाच्याच लाल विटांच्या चाळीत, तिच्या वरच्या मजल्यावर तो वाढला. तिच्या हातचे बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी खाऊनच तो वॉर्साला शिकायला गेला आणि शिकून परत आला. त्याला तिचं वाईट करायचं नव्हतं. म्हणून तर त्याचं बोलणं तिला जास्त टोचत होतं.

अक्षर तिच्या गाण्यातलं होतं. धृपद दोनच शब्दांचं: 'सांगून उतरलो'. खाणीत उतरलेला माणूस बोलतोय. बाई बोलत असती तर 'उतरले' म्हणाली असती. खाणीचा कारभार आता ज्या कंपनीकडे होता, तिच्या वकिलांना 'उतरले' हवं होतं. त्रुदाच्या भावासह तिघे ज्या अपघातात गेले, त्याच्या स्मारकाचा दगड दुपारी एक वाजता खाणीच्या फाटकाशी उघडायचा होता आणि त्यावर हेच दोन शब्द कोरायचं ठरलं होतं. कारागिराने शेवटचं अक्षर सोडून सगळं कोरून ठेवलं होतं आणि तो कुणी काय ते सांगेल याची वाट पाहत होता.

नोर्बेर्तने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. 'उतरले' म्हटलं की तो बहिणीचा शोक होतो, आणि शोकाला कुणाची हरकत नसते. 'उतरलो' म्हटलं की मेलेला माणूस साक्ष द्यायला उभा राहतो. त्या अपघाताची चौकशी पुन्हा व्हावी म्हणून गेलेल्यांच्या घरच्यांनी अर्ज केलेला आहे. कंपनी म्हणते, दगडावर साक्ष नको. आज टीव्हीचा कॅमेराही येणार आहे. तिने स्वतःच एकदा 'उतरले' म्हटलं की प्रश्न मिटला. कवयित्रीनेच बदललं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

"मी कधी उतरले रे?" त्रुदा म्हणाली. "बायकांना खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाय ठेवू देत होते का? मी वर होते. दिवे देत होते."

ते खरंच होतं. चौऱ्याहत्तर साली ती सत्तावीस वर्षांची होती आणि खाणीच्या दिवाघरात कामाला होती. खाली जाणारा प्रत्येक माणूस तिच्या खिडकीशी येऊन दिवा घेई आणि पाळी संपली की परत देई. तिचा भाऊ आलोइस अपघाताच्या दिवशी खिडकीशी थोडा रेंगाळला. वायू वाढलाय, मी मुकादमाला सांगितलंय, तरी तो उतर म्हणतो, असं म्हणाला आणि दिवा टोपीला लावून गेला. तो आणि आणखी दोघे वर आले ते स्ट्रेचरवरून.

चौकशीत कामगारांचाच निष्काळजीपणा ठरला. त्रुदाने भावाचं बोलणं सांगितलं तेव्हा समोरच्या साहेबाने शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही खाली होतात का?"

नव्हते, असं तिला म्हणावं लागलं. साहेबाने फाइल मिटली.

म्हणून गाण्यात आलोइस स्वतःच बोलला. तोवर ती लग्नांत, नावदिवसांच्या मेजवान्यांत, कामगारांच्या स्पर्धांत हलकीफुलकी गाणी म्हणायची. तिच्या जाड्या, जरा फाटक्या आवाजाचं कौतुक व्हायचं. या गाण्याने ती कातोवित्सेला पोचली, तिथून वॉर्साला. एक रेकॉर्ड निघायची ठरली. सेन्सॉरच्या कचेरीतल्या माणसाने तिला काचेच्या पेल्यात चहा दिला, शिसपेन्सिलीने एक अक्षर खोडून दुसरं लिहिलं आणि आता गाणं जास्त हळवं झालं, असं मनापासून सांगितलं. ती 'बरं' म्हणून निघाली.

अठ्ठ्याहत्तरच्या बार्बुर्केला, याच सभागृहात, ती 'सांगून उतर' एवढं म्हणाली आणि थांबली. तारांवरचा हात उचलला. काळ्या गणवेशातल्या, तुरेवाल्या टोप्या मांडीवर घेऊन बसलेल्या पुरुषांनी खालून ते अक्षर म्हटलं. 'लो.' ठरवलेलं नव्हतं. पुढच्या धृपदाला जास्त जोरात म्हटलं. तिसऱ्या रांगेतल्या कचेरीच्या माणसाला लिहून घ्यायला काही सापडेना, कारण गायिकेने आक्षेपार्ह असं काहीच उच्चारलं नव्हतं.

रेकॉर्ड दुकानांत आली नाही. रेडिओने तिचं नाव घेणं बंद केलं. अकरा वर्षं ती चर्चच्या तळघरांत आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत गायली, सकाळी दिवाघरात कामाला गेली. कम्युनिस्ट सरकार गेलं, बंदी उठली, तोवर लोकांना नाचायची गाणी हवी होती. दोन कॅसेटी निघाल्या. एका तरुण गायकाने ते गाणं ड्रम लावून म्हटलं आणि ते गाजलं. त्याने अख्खा शब्द म्हटला होता. नोर्बेर्तला गाणं माहीत होतं ते तसं. त्रुदाने मात्र ते अक्षर अठ्ठ्याहत्तरनंतर कधीच उच्चारलं नाही. ते सभागृहाचं होतं.

"बरं," ती आता म्हणाली. "मी 'लो' म्हणणार नाही. झालं समाधान?"

नोर्बेर्तने तिच्याकडे नीट पाहिलं. "नक्की ना मावशी? शब्द दे."

"दिला. 'लो' माझ्या तोंडून ऐकू येणार नाही."

तो इतका मोकळा झाला की तिचा हात दाबून तसाच कंपनीच्या माणसांना आणायला फाटकाकडे धावला.

मागच्या रांगेत ट्यूबा पुसत बसलेला एर्विन हसला आणि हसता हसता खोकत राहिला. तो आलोइसचा खाणीतला जोडीदार. अपघाताच्या दिवशी त्याची पाळी दुसरी होती. कोळशाच्या धुळीने त्याची छाती भरली होती, बँडबरोबर रस्त्यांवर फिरणं आता झेपत नव्हतं, आणि तरीही बँडमधलं सगळ्यात जास्त फुंकीचं वाद्य त्याने सोडलं नव्हतं.

"पोराला बरं गंडवलंस."

"मी खोटं काय बोलले?"

"काही नाही. पण त्रुदे, सभागृहात कोण येणारेय ते बघितलंस का?" एर्विनने फडकं खिशात कोंबलं. "आपल्यातले निम्मे कबरस्तानात आहेत, उरलेल्यांना दोन जिने चढले की दम लागतो. बाकी पोरं, मोबाइलमध्ये डोकं घातलेली. तू थांबलीस आणि कुणी म्हटलंच नाही, तर?"

"तर नाही म्हटलं."

"टीव्हीवर दिसेल, म्हातारी शब्द विसरली."

"दिसू दे."

"मग तूच म्हणून टाक ना सरळ. नोर्बेर्त काय तुला जेवायला घालतो?"

"शब्द दिलाय. आणि ते माझं नाही, एर्विन. लोकांना ते नको असेल, तर दगडावर तरी कशाला पाहिजे?"

एर्विनने ट्यूबात फुंकर मारून पाहिली.

अकराला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या तुऱ्यांचे साहेब, त्यांच्यामागे काळ्या तुऱ्यांचे निवृत्त कामगार, विरळ. मग तरुण मंडळी. मागच्या दाराशी, कॉफी आणि केक मांडून झालेल्या बायका एप्रन तसेच ठेवून उभ्या होत्या. भाषणं झाली. त्रुदा आली, गिटार लावली. आवाज पूर्वीपेक्षा खाली गेला होता, पण शब्द स्वच्छ येत होते. आलोइस खिडकीशी आला, त्याने दिवा घेतला, मुकादमाचं नाव न घेता मुकादमाचं बोलणं सांगितलं. मग ती धृपदाला आली.

"सांगून उतर," ती म्हणाली आणि तिने तारांवरचा हात उचलला.

कुणी काही म्हटलं नाही.

पडद्याआडून नोर्बेर्त ओठांनी 'ले, ले' करत होता. पहिल्या रांगेतला एक साहेब हातातली कार्यक्रमपत्रिका वाचायला लागला. मंचावरच्या बँडमध्ये एर्विनने तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि त्याला खोकला आला. तो थांबेना. सभागृहात तेवढा एकच आवाज होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालू होता. त्रुदाने हात खाली आणला नाही आणि मान वळवली नाही.

"लो."

आवाज दाराकडून आला. बारीक, सुरात नसलेला, बाईचा. आलोइसबरोबर गेलेल्या दोघांपैकी एकाची बायको तिथे कॉफीची किटली धरून उभी होती. तिने तो पुरुषाचा प्रत्यय असा म्हटला, की जणू खिडकीशी दिवा मागत होती.

त्रुदाने हात खाली आणला आणि दुसरं कडवं सुरू केलं.

दुसऱ्या धृपदाला दाराजवळच्या सगळ्या बायकांनी 'लो' म्हटलं. बायकांच्या तोंडी 'उतरलो' ऐकून कुणी हसलं नाही. तिसऱ्याला काळे तुरे त्यांत मिसळले, आणि मोबाइलवाली पोरंही, काय म्हणायचं ते आता कळल्यामुळे. एर्विनने त्या अक्षरावर ट्यूबाचा एक लांब सूर लावला. तो बसवलेल्यात नव्हता.

मंचामागे नोर्बेर्त पांढराफटक उभा होता.

"मावशी, तू मला शब्द दिला होतास."

"पाळला," त्रुदा म्हणाली. "तू कुठं होतास? ऐकलं नाहीस?"

नोर्बेर्तने तिची गिटारची पेटी उचलली आणि फाटकापर्यंत तो ती घेऊन चालला. कंपनीची माणसं त्यांच्या पुढे, गाडीतून गेली.

एक वाजता दगडावरचं हिरवं कापड ओढलं गेलं. 'सांगून उतर', आणि पुढे एका अक्षराची सपाट, कोरी जागा. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं. वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सरळ प्रार्थनेला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी प्रादेशिक वाहिनीने बँड दाखवला, तुरे दाखवले, भाषणांतली दोन वाक्यं दाखवली. गाणं दाखवलं नाही. वेळ पुरला नाही, असं वाहिनीने कळवलं. पुन्हा चौकशी करण्याच्या अर्जावर सुनावणीची तारीख लागलेली नाही. दगडाबद्दल कंपनीचं म्हणणं आहे की विषय विचाराधीन आहे. नोर्बेर्त कारागिराला भेटून आला. काय सांगून आला ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

त्रुदा सकाळी पाव आणायला जाते तेव्हा फाटकाशी थांबते. रात्री बर्फ पडलेला असला तर दगडावरचा हाताने झाडते. सगळा नाही, तेवढी कोरी जागा.

मागच्या गुरुवारपर्यंत ती कोरीच होती आणि कारागिराची तिवई दगडाजवळच उभी होती.