कासवबांचं वय

आमच्या घरात तीन पुरुष होते: सासरे, नवरा आणि कासव. सासरे दिवसभर दुकानात, नवरा चांद्याला नोकरीवर, त्यामुळे माझ्या वाट्याला कासव. त्याला सगळे कासवबा म्हणत. सासऱ्यांच्या, म्हणजे वामनरावांच्या आजोबांनी ते आणलं आणि त्याच साली महाल भागातलं आमचं भांड्यांचं दुकान उघडलं, म्हणून घराची बरकत त्याच्या पायाशी बांधलेली. रीत अशी, की कासवबांना थोरल्या सुनेनंच दोन्ही वेळा आपल्या हाताने चारायचं. कासवबांनी उंबरा ओलांडायचा नाही आणि सुनेनं बाहेर मुक्काम करायचा नाही. शिवाय ते घरातले वडीलधारे, तेव्हा त्यांच्यापुढे डोक्यावर पदर हवा. मी मॅट्रिक झालेली बाई सहा वर्षं एका कासवापुढे पदर सावरून कोथिंबीर धरत होते. हसू येत असेल तर हसा. मला तेव्हा येत नव्हतं.

लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच ह्यांची, मार्तंडांची, चांद्याला बदली झाली. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. महिन्यातून एका रविवारी हे यायचे, आणि तिकडे स्टोव्हवर खिचडी कशी करपते ते सांगून परत जायचे. मी जायचा विषय काढला की सासूबाईंचा, रंभाबाईंचा, एकच प्रश्न. "कासवबाले कोण चारीन?"

"तुम्ही चारा ना, आत्याबाई."

"सून आली का सासूचा हात सुटते."

मग मी वाट बघू लागले. स्पष्टच सांगते, ते मरायची वाट. शंभरी ओलांडलेला जीव, आणखी किती काढणार? रोज सकाळी पितळी परातीतल्या पाण्यात त्यांना बसवताना मी आधी मान हलते का ते बघायची. मान हलायची. मला रडू यायचं.

अठ्ठ्याहत्तर साली मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, कुणीतरी सांगितलं की घरात रानातलं जनावर असेल तर ते सरकारला कळवावं लागतं. सरकारी कागदाला मामाजी फार भीत. वनखात्यातून फॉर्म आणला. त्यात रकाने होते जात, नर की मादी, आणि वय. खाली जाणकाराची सही हवी होती. कासवबांना बाहेर नेता येत नव्हतं म्हणून जाणकारच घरी बोलावला. चंद्रभान सर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले.

मला आनंद झाला होता. सर म्हणतील, आता फार दिवस नाहीत.

सरांनी आधी परात बघितली. "हे पाण्यात कोणी ठेवलं? हे जमिनीवरचं कासव आहे. पाठीवर या चांदण्या दिसतात ना? तारा कासव म्हणतात याला. पाण्यात बसवून बसवून आजारी पाडाल." मग म्हणाले, "जरा उलटं धरा."

"उलटं नोका करू!" आत्याबाई दारातून एकदम ओरडल्या. "चहा घ्या आधी, सर. थंडा होऊन राहिला."

सरांनी चहा घेतला नाही. मी कासवबांना उचलून उताणं धरलं. पोट सपाट होतं. सरांनी शेपटी बघितली. "मादी आहे. नराचं पोट आत दबलेलं असते आन् शेपूट लांब."

मामाजी हसले. "सर, आमच्या आजोबाचे कासवबा आहेत हे."

"असतील. पण मादी आहे." सरांनी पाठीवरून बोट फिरवलं. "या कड्या मोजून पक्कं वय सांगता येत नाही. पण शंभर वर्षांची पाठ घासून गुळगुळीत झाली असती. हिच्या कड्या कोऱ्या आहेत. तीस, फार तर पस्तीस. नीट ठेवलं तर आणखी तीस-चाळीस वर्षं कुठे जात नाही."

तीस-चाळीस वर्षं. मी तिला खाली ठेवलं. तेव्हा मी साठीची असेन.

"काहीतरीच," मामाजी म्हणाले. "सूनबाई, लिहा. नर. वय शंभर. सर सही करतील."

"मी खोट्यावर सही करत नाही," सर म्हणाले.

मी पेन हातात धरून बसले होते.

"मादी लिही वं, सुमती," आत्याबाई म्हणाल्या. "सर बरोबर सांगून राहिले. म्या आणली हे." त्या दाराशीच खाली बसल्या आणि मामाजींना सांगू लागल्या. "माझी माय आखरीच्या घटका मोजून राहिली होती. तुमच्या मायनं मले जाऊ देलं नाही. कासवबा उपाशी राहीन म्हणे. माय गेली. आन् महिन्याच्या आत तुमचा कासवबाही मेला. माझ्या हातून मेला म्हणून मले कोणी जितं ठेवलं असतं? परसात पुरला. फिरस्त्यायपासून हे घेतलं, तसंच दिसलं म्हणून. वीस वर्षं झाली."

माझा तोल गेला. "मग मले काहून अडकवून ठेवलं? तुम्हाले तं सारं मालूम होतं!"

"तू गेली असती," त्या म्हणाल्या, "तं हे पुन्हा माझ्याच हाती आलं असतं."

त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की पुढे भांडायला काही उरलंच नाही. मी फॉर्मवर तारा कासव, मादी, वय अंदाजे बत्तीस असं लिहिलं. सरांनी सही केली आणि ते गेले.

मामाजींनी वाकून त्या जनावराकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. "मादी म्हणजे लक्ष्मीच झाली ना! वीस वर्षांत दुकान वाढलंच. सूनबाई, उद्यापासून हळदीकुंकू लावत जा. रीत काही मोडाची नाही."

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी खाली ठेवलेली कोथिंबिरीची जुडी उचलली.

"तू जाय चांद्याले," त्या म्हणाल्या. "मी चारतो हिले."

नको म्हणायला हवं होतं. निदान एकदा, तोंडदेखलं तरी. मी म्हटलं नाही. उद्याची गाडी किती वाजता आहे एवढंच मामाजींना विचारलं आणि ट्रंक काढायला आत गेले.