कोणती सबायना?

मी किलवार्नाच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही बोलतेय. आवाज बारीक आहे, कारण शिवण उसवलीय आणि जरा जोर लावला की पानं सुटतात.

माझं बाइंडिंग मेंढीच्या कातड्याचं. फादर मँगन यांनी मला मेयो परगण्यातल्या या ओल्या, वाऱ्याच्या गावात आणलं. चर्चला कपाट नव्हतं, तेव्हा फादरांच्या पलंगाखाली त्यांच्या बुटांशेजारी माझा मुक्काम. मूल जन्मलं की दोन-तीन दिवसांत ते माझ्यापर्यंत पोचायचं. बाप आणायचा, नाहीतर धर्ममाता. आई मात्र नाही. बाळंतीण शुद्ध होईपर्यंत चर्चची पायरी चढत नसे. तिचं नाव माझ्यात यायचं, ती यायची नाही.

अँथनी रुएन पहिल्यांदा आला तो १८४४ साली. हातात मुलगी, अंगावर उसना कोट. फादरांनी लिहिलं: सबायना, बाप अँथनी रुएन, आई विनिफ्रेड लॉफ्टस. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायची इथली रीत, आणि विनिफ्रेडची आई सबायना.

मग बटाटे कुजले, आणि गावाला दुसरं खायला काही नव्हतं. आधी एका पानावर आठवड्याभराची मुलं मावत नसत, आता एक पान महिनोन्‌महिने पुरू लागलं. लोकांना वाटतं, कोरी जागा म्हणजे काही घडलं नाही. माझ्यातली कोरी जागा मला विचारा.

१८४९ मध्ये अँथनी पुन्हा आला. तोच कोट, पण आता तो त्याच्या अंगावर लोंबत होता.

"नाव काय ठेवायचं?" फादरांनी विचारलं.

"सबायना."

फादरांनी मान वर केली. "अरे, सबायना तर आहे ना तुला?"

"होती, फादर. सत्तेचाळीसला गेली. मी रस्त्याच्या कामावर होतो. विनिफ्रेडनं एकटीनं तिला शालीत गुंडाळून बांधापलीकडे नेलं. कुठं पुरलं ते मलाही नीट सांगत नाही."

"मग दुसरं काही ठेव की रे."

"विनिफ्रेडच्या आईचं नाव आहे. घरात ते नको का राहायला?"

फादरांनी नवी ओळ लिहिली. मग पानं मागे उलटून जुन्या ओळीवर बोट ठेवलं. टाक शाईत बुडवला. मला वाटलं, आता लिहितील. पण आमच्या चर्चमध्ये गेलेल्यांची वहीच नव्हती, आणि जन्मलेल्यांच्या वहीत मरण लिहायची पद्धत नव्हती. टाकाची शाई वाळली. त्यांनी मला मिटलं.

दोन वर्षांनी रुएन कुटुंब बोटीत बसून अमेरिकेला गेलं. गावातली निम्मी घरं तशीच रिकामी झाली.

पुढच्या फादरांना माझं कौतुक नव्हतं. एकानं तर मला खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबलं. उजव्या कोपऱ्यातली बुरशी ही त्यांचीच कृपा. नंतर कधीतरी माझे फोटो निघाले आणि परदेशातली माणसं माझ्यात आपले पूर्वज शोधू लागली. काही थेट इथे येतात. बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटतात. हवं ते नाव सापडलं की रडतात, माझ्यासोबत फोटो काढतात आणि वही धाडकन मिटून जेवायला जातात.

गेल्या शरदात कोलेट आली, अमेरिकेतल्या स्क्रँटनहून. चर्चचं ऑफिस सांभाळणाऱ्या अॅट्रॅक्टानं मला टेबलावर ठेवलं आणि तिच्यापुढे चहा सरकवला.

"कप लांब ठेव हं. हिनं दुष्काळ काढलाय, तुझा चहा नाही सोसायचा तिला."

कोलेट हसली नाही. "माझ्या आईच्या आजीचं नाव सबायना. फोटोत ही ओळ सापडली, १८४४ ची. पण बोटीच्या यादीत ती दोन वर्षांची लिहिलीय, सन ५१ मध्ये. वय जुळत नाही."

"सात वर्षांच्या पोरीला दोन वर्षांची कोण म्हणेल? एवढंच विचारायला समुद्र ओलांडून आलीस?"

"आईसाठी आलेय. आई शहाऐंशीची आहे. अलीकडे विसरते, आणि फार घाबरते. तिला वाटतं, विनिफ्रेडचं वेड तिच्यात उतरलंय."

"वेड?"

"विनिफ्रेड सारखी म्हणायची, माझी सबायना तिकडेच राहिली, तिला थंडी वाजत असेल. आणि सबायना समोर बसून शिवत असायची. शेवटी त्या सबायनानंच आपल्या आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तिथंच गेली ती. आमच्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही."

अॅट्रॅक्टानं मला जवळ ओढलं. मग तिनं माझी पानं पुढे उलटायला सुरुवात केली. बुरशीच्या कोपऱ्यापाशी ती थांबली. फोटोत जिथे नुसता काळा डाग दिसतो, तिथं ती वाकून वाचू लागली.

"हे बघ. सबायना. तोच बाप, तीच आई. १८४९."

"चुकून दोनदा लिहिलं असेल."

"नाही गं. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत. आमच्याही घरात दोन पॅट्रिक होते, एक पुरलेला आणि एक माझा आजोबा."

कोलेटनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग तिनं तिथूनच आईला फोन लावला. पलीकडचा म्हातारा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आई, सबायना दोन होत्या. पहिली इथंच गेली, दुष्काळात. विनिफ्रेडला वेड नव्हतं लागलं."

पलीकडून आवाज आला, "म्हणजे ती खरं बोलत होती."

"हो."

"आणि आमच्यातल्या एकानंही तिला विचारलं नाही, कोणती सबायना म्हणून."

अॅट्रॅक्टानं चहाचा कप उचलला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मी आता लोखंडी कपाटात असते. लवकरच मला डब्लिनला नेणार आहेत म्हणे, थंड खोलीत. तिथं मला कुणी हात लावणार नाही, तेव्हा आत्ताच सांगते. तुमचं माणूस माझ्यात सापडलं तर लगेच मला मिटू नका. आणखी चार पानं उलटा. त्या दोन सबायनांच्या मधली पानं विनिफ्रेड जन्मभर एकटीच वाचत राहिली.