उमाच्या नावाची कोळंबी

"प्राणिशास्त्राचा इतिहास यापुढे दोन भागांत लिहावा लागेल. चामटोलीच्या झऱ्याआधीचा आणि चामटोलीच्या झऱ्यानंतरचा!" असं प्राध्यापक जयदेव आठल्ये यांनी बदलापुरातल्या आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं. श्रोत्यांत एकट्या उमाताई होत्या आणि त्या मेथी निवडत होत्या.

"पाय उचला," त्या म्हणाल्या. "पानांवर उभे आहात."

सर उल्हासनगरच्या एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. शिकवले ते सगळे प्राणी दुसऱ्यांनी शोधलेले. एखादा आपणही शोधावा ही हौस राहून गेली होती, ती आता भागत होती. चामटोलीच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला एका टेकडीत खोल कपार आहे आणि तिच्या पोटातल्या काळोखातून झरा बाहेर येतो. त्या पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या कोळंब्या. तोंडाशी उजेडात राहणाऱ्या तपकिरी, टपोऱ्या डोळ्यांच्या. आत अंधारात राहणाऱ्या पांढऱ्याफटक, डोळ्यांच्या जागी नुसता ठिपका.

"ही पांढरी म्हणजे नवी जात आहे. आणि तिला मी तुझं नाव देणार आहे."

"आंधळ्या कोळंबीला? अहो, आपण कोळंबी खातसुद्धा नाही."

पण मेथी फोडणीला टाकताना त्या गुणगुणत होत्या. दारावरची पाटी सरांच्या नावाची, विजेचं बिल सरांच्या नावाचं, गॅससुद्धा सरांच्याच नावाचा. आपलं नाव लग्नानंतर कुठे लिहिलेलं त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. आता ते लॅटिनमध्ये लिहिलं जाणार होतं. लवकरच ही बातमी सगळ्या सोसायटीत पसरली आणि सेक्रेटरी विनीतने सत्कार ठरवून टाकला.

आता गोष्ट अशी, की झऱ्यावर जाताना सरांनी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे नेले होते. एकात तपकिरी टाकल्या, दुसऱ्यात पांढऱ्या. जाळीत आणखीही आल्या होत्या. पिवळट, राखी, अर्धवट डोळ्यांच्या. एकीचा तर एक डोळा चांगला टपोरा आणि दुसरा टाचणीच्या टोकाएवढाही नाही. ना धड इकडच्या, ना तिकडच्या. त्यांच्यासाठी तिसरा डबा नव्हता. सरांनी त्या परत पाण्यात सोडून दिल्या. सोडताना पोटात काहीतरी टोचलं. ती भूक असावी असं ठरवून सरांनी बरोबर आणलेलं थालीपीठ खाल्लं होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी जिज्ञासा आली. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याला खेकडे-कोळंब्यांवरच संशोधन करते. "सर, तुमचा शोधनिबंध छापायला जाण्याआधी एकदा जागा बघूया ना," म्हणाली. सरांनी अभिमानाने नेलं.

तिने कपारीत शिरून जागोजागी जाळी फिरवली आणि जे आलं ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओळीने मांडलं. एका टोकाला तपकिरी, दुसऱ्या टोकाला पांढरी, मध्ये सगळ्या छटा. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड उघडावं तसं.

"सर, जात एकच आहे," ती हळू म्हणाली. "जितकं आत जावं तितका रंग कमी, डोळे कमी. पण या मधल्या... तुमच्या जाळीत आल्याच नाहीत?"

"नाही," सर म्हणाले. "तेव्हा नव्हत्या."

समोर दिसतं ते सोडून पुस्तकातली आकृती काढली, म्हणून कॉलेजात असताना याच सरांनी याच जिज्ञासाचं प्रॅक्टिकलचं जर्नल वर्गाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावलं होतं. ती जाळी पाण्यात खळबळून धुऊ लागली.

"सीझनमुळे असेल, सर."

हे ती इतक्या मायेने म्हणाली की सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला खरंच पटलं होतं, की ती आपल्याला सांभाळून घेत होती? यातलं जास्त वाईट काय, हे परतताना रिक्षात त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये फ्लेक्स लागला होता. विनीतने नेटवरून उतरवलेली कोळंबी त्यावर चांगली हातभर होती आणि तिच्या शेजारी लिंबाची फोड होती; खाली मोठ्या अक्षरांत 'उमा' लिहिलं होतं. पहिल्या रांगेत उमाताई पैठणी नेसून बसल्या होत्या. शेजारी विठ्ठलवाडीहून आलेली त्यांची थोरली बहीण. या ताईंच्या नावाने त्यांच्या यजमानांनी 'कमल निवास' हे घर बांधलं होतं आणि ते ताईंनी आजवर एकाही लग्नाकार्यात उमाताईंना विसरू दिलं नव्हतं.

सर माईकपाशी गेले. उमाताईंकडे बघणं त्यांनी टाळलं.

"ही नवी जात नाही," ते म्हणाले. "एकच जात आहे. मधल्या कोळंब्या मला दिसल्या होत्या. माझ्या नव्या जातीच्या आड येत होत्या म्हणून मी त्या सोडून दिल्या. आणि आज सकाळी त्याबद्दल खोटं बोललो. मला लाज वाटते."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट.

"बघा मंडळी!" विनीत गहिवरला. "एवढा मोठा शोध लावलाय, पण विनय बघा!"

"अहो, विनय नाही हा, मी खरोखरच..."

तेवढ्यात सत्काराची शाल अंगावर पडली, ती थेट तोंडावरून. पुढचं वाक्य लोकरीत विरलं. सर बाहेर डोकावले तेव्हा दोघीच टाळ्या वाजवत नव्हत्या. जिज्ञासा खाली मान घालून बसली होती आणि उमाताई सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

जेवणाच्या रांगेत त्या जवळ आल्या.

"म्हणजे माझ्या नावाचं काहीच नाही?"

"नाही. उमा, मी तुला आधी..."

त्यांनी हाताने थांबवलं. पलीकडे ताई फ्लेक्सखाली उभ्या राहून, 'उमा' या अक्षरांवर बोट ठेवून फोटो काढून घेत होत्या.

"ताईला काही कळलेलं नाही," उमाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ती जेवून विठ्ठलवाडीला जाऊ दे. तोवर तेवढं परत खरं बोलू नका."