तराजूमागचा पट्टा

“सत्य कितीही खोल पुरा, महाराज...” वकिलानं टेबलावर मूठ आपटली, छताकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य विसरला.

“कट!”

तिसऱ्या बाकावर मावशींनी दातओठ खाल्ले. सकाळपासून हा बाबा सत्य पुरत होता आणि ते काही केल्या वर येत नव्हतं. त्यांना एव्हाना त्याचं अख्खं भाषण पाठ झालं होतं. ते टेबल त्यांच्या हवाली केलं असतं तर आरोपी केव्हाच सुटून, घरी जाऊन, जेवून झोपलाही असता.

“पाणी आणा रे साहेबांना,” कुणीतरी ओरडलं.

“पाणी कशाला,” मावशी पुटपुटल्या, “पुस्तक आणा.”

शेजारची चष्मेवाली बाई फिसकन हसली. मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं. बोलायचा हक्क त्यांचा होता. हसून जागचं हलायचा कुणाचाच नव्हता.

कोर्ट पुठ्ठ्याचं होतं, पण लाकूडरंग असा चोख चढवला होता की टेकावंसं वाटावं. न्यायाधीशाची उंच खुर्ची, तिच्यामागे टांगलेला माणसाएवढा तराजू आणि समोर बाकांवर गर्दी. मावशी म्हणजे ती गर्दी. त्यांची हयात पडद्यावरच्या गर्दीतच गेली होती. लग्नातली गर्दी, बाजारातली गर्दी, मयताच्या दारातली गर्दी. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलं होतं, पण कॅमेऱ्याकडे कधी चुकूनही पाहिलं नव्हतं. आज डाव्या हातात रुमाल असला तर सीन संपेपर्यंत तो डाव्याच हातात. शिंक आली तर गिळायची. आपल्यापायी शॉट गेला असं कुणी म्हणता कामा नये, हे त्या नव्या पोरींना ऐकवायच्या तेव्हा पोरी मान डोलवायच्या आणि पाठ वळली की नकला करायच्या. करू देत. शॉट जायचे ते त्या पोरींपायीच.

या सेटचा मॅनेजर त्यांचा मुलगा होता. मायलेकांचं ठरलेलं होतं की दाराच्या आत तो मॅनेजर आणि त्या मावशी. वशिल्यानं बसलीय असं कुणी बोट दाखवायला नको, म्हणून ही अट त्यांनीच घातली होती.

जेवणाची सुट्टी झाली तसा मॅनेजर टाळ्या वाजवत मधोमध आला.

“ऐका सगळे! आता विम्याचा माणूस येतोय, लंबूच्या पडण्याची चौकशी करायला. विचारलं तर एवढंच सांगायचं. पट्टा दिला होता, त्यानं बांधला नाही. बस्स. जास्तीचं शहाणपण नको.”

लंबू म्हणजे उंच फळीवर चढून, पडू नये म्हणून कमरेचा पट्टा फळीला अडकवून दिवे फिरवणारा माणूस. चार दिवसांपूर्वी याच सेटवर वरून पडला तो कंबर मोडून इस्पितळात गेला, अजून कूस बदलता येत नव्हती. चूक त्याची ठरली तर उपचाराचा पैसा विमा देणार नव्हता, आणि बेफिकीर म्हणून नाव झालं की पुढे कुणी त्याला दारात उभं करणार नव्हतं. चूक मॅनेजरची ठरली तर मॅनेजरची नोकरी जाणार होती.

आणि घडलं होतं ते मावशींनी आपल्या जागेवरून धडधडीत पाहिलं होतं. तराजू शॉटमध्ये सारखा डुलत होता. दिग्दर्शक डोकं धरून बसला होता. तेव्हा मुलानं वर पाहून हाक मारली होती, “लंबू, तुझा कंबरपट्टा टाक खाली. एका शॉटपुरता!” लंबूनं बक्कल सोडून पट्टा टाकला. मुलानं त्या पट्ट्यानंच तराजू मागून आवळला. तराजू गप्प झाला. एक शॉट झाला, लगेच दुसरा लागला, आणि वरच्या माणसाची कंबर मोकळी आहे हे सगळे विसरले. तराजू मात्र जागचा हलून चालणार नव्हता, म्हणून पट्टा आजही तिथेच होता.

“मॅनेजरसाहेब,” मावशी म्हणाल्या, “जरा मागे या.”

रंगवलेल्या भिंतीच्या मागे सगळं उघडंबोडकं होतं, खिळे, चिकटपट्ट्या, कच्चा पुठ्ठा.

“काय मावशी?”

“इथे कुणी नाही. मावशी काय मावशी!”

“बोल आई. लवकर बोल, मला शंभर कामं आहेत.”

“पट्टा कुठे आहे?”

पट्टा तराजूला आवळलेला, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होता. मुलानं तिकडे न पाहता घड्याळ पाहिलं.

“तू यात पडू नकोस. लंबूचं मी बघीन. बाहेरून देईन काहीतरी.”

“भीक घालणार? तो तुझ्याकडे कामाला होता, वाटी घेऊन नव्हता उभा.”

“मग त्यानं नाही म्हणायचं ना! पट्टा देत नाही म्हणायचं. मी काय त्याचे हात पिरगाळले?”

“काम अडू नये म्हणून दिला त्यानं.”

“मग मी काय केलं?” मुलाचा आवाज चढला आणि त्यानंच तो दाबला. “लहानपणापासून हेच ऐकतोय तुझ्याकडून. ताप असो, पाय मोडो, आपल्यापायी काम अडता कामा नये. नाही अडू दिलं मी. एवढाच गुन्हा आहे माझा.”

मावशींनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आणि माझं काम गेलं तर घर कोण चालवणार? तुझी ही गर्दी?”

“याच गर्दीनं तुला पोसलंय, बाळ्या. तोंड सांभाळ.”

“तू बोलणार आहेस का त्याच्यासमोर?”

“विचारलं तर बघू.”

“हात्तिच्या!” त्याला हायसं वाटलं. “गर्दीला कोण विचारतंय!”

विम्याचा माणूस किडकिडीत होता आणि सर्दीनं बेजार होता. सेटवरच्या कारकुनाच्या टेबलाशी त्यानं ठाण मांडलं. आधी वकिलाला बोलावलं. वकील काळा कोट मळू नये म्हणून गळ्यात कागद खोचून आला.

“मी भूमिकेत होतो हो. वर काय चाललंय, मला काहीच कल्पना नाही. बाकी माणूस भला होता.”

“होता नाही, आहे!” तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

मॅनेजरनं डोळे वटारले. विम्याच्या माणसानं नाक पुसलं आणि पुढच्याला बोलावलं.

“पट्टा दिला होता, त्यानं बांधला नाही.”

“पट्टा दिला होता, त्यानं बांधला नाही.”

दिवेवाले, रंगवाले, चहावाला, एकामागून एक आले. एकाचंही वाक्य चुकलं नाही. वकिलानं यांच्याकडे शिकवणी लावायला हवी होती. मावशी एकेकाचं तोंड बघत राहिल्या. हीच माणसं लंबूच्या डब्यातलं हक्कानं ओरपून खायची.

“झालं?” विम्याच्या माणसानं बॅग ओढली. “आणखी कुणी?”

“झालं साहेब,” मॅनेजर म्हणाला. “बाकी नुसती गर्दी.”

बाक करकरलं. कुणी उठा म्हटल्याशिवाय मावशी आजवर जागेवरून उठल्या नव्हत्या.

“मी गर्दी,” त्या म्हणाल्या. “मला विचारा.”

“तुम्ही होतात तेव्हा?”

“इथेच. हीच जागा, हाच रुमाल. इथून सगळं दिसतं.”

“काय दिसलं?”

“पट्टा दिला होता हे खरं. बांधलाही होता त्यानं. मॅनेजरांनी तो मागून घेतला, तराजू हलत होता म्हणून. मागे जाऊन बघा, अजून आवळलेला आहे.”

तो उठून मागे गेला. भिंतीआडून दोन शिंका ऐकू आल्या. परत आला तेव्हा त्यानं बॅग पुन्हा खाली ठेवली होती.

“बाई, या मॅनेजरांशी तुमचं काही भांडण आहे का?”

“रोजचंच आहे.”

“कशावरून?”

“मी त्याची आई आहे.”

वकिलानं गळ्यातला कागद काढून खिशात घातला. चष्मेवालीनं चष्मा पुसायला घेतला. विम्याचा माणूस लिहू लागला. मॅनेजर एवढा वेळ भिंतीला टेकून उभा होता. ती पुठ्ठ्याची आहे आणि आपल्या भारानं मागे कलतेय, याचंही त्याला भान नव्हतं.

विम्याचा माणूस गेल्यावर दिग्दर्शकानं टाळी वाजवली. “चला, चला, वेळ जातोय! सगळे जागेवर!”

मॅनेजर तराजूच्या मागे गेला. बक्कल सोडल्याचा आवाज आला. पट्टा घेऊन तो फळीखाली उभा राहिला आणि वर लंबूच्या जागी आलेल्या माणसाकडे त्यानं तो फेकला.

“बांध. मी बघतोय.”

तराजू डुलायला लागला.

“अरे, तो हलतोय!” दिग्दर्शक किंचाळला.

“हलू दे,” मॅनेजर म्हणाला. “दुसरी दोरी आणतो. तोवर थांबा.”

सगळे थांबले. काम अडलं. दोरी आली, तराजू आवळून झाला, तेव्हा कुठे कॅमेऱ्यामागे हालचाल सुरू झाली. मावशी आपल्या जागेवर ताठ बसल्या होत्या, नजर समोर. मॅनेजर बाकांमधून वाट काढत आला आणि त्यांच्यापाशी थांबला. त्याचा चेहरा उतरला होता.

“आई,” तो हळूच म्हणाला, “रुमाल डाव्या हातात.”

मावशींनी खाली पाहिलं. रुमाल उजव्या मुठीत चुरगळला होता. त्यांनी तो मांडीवर नीट पसरला, घडी घातली आणि डाव्या हातात घेतला.

“सेटवर मावशी म्हणायचं,” त्या समोर बघतच म्हणाल्या.