फुगा फुटून सांगायचा

आज फुगा फुटला नाही. त्यावर साबणाचा फेस लावून बाबांनी वस्तरा वरून खाली फिरवला, तरी फुगा शाबूत. दाढी करायला शिकणारी पोरं अशीच शिकतात. बाबा अर्धं आयुष्य न्हावीकाम करून पुन्हा शिकत होते, कारण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला होता. हळूहळू जोर आला, पण मूठ आवळली की सुटायची नाही. चहाचा कप सोडवायला आईला त्यांचं एकेक बोट उचलावं लागायचं.

"आता माणूस पाहिजे," बाबा म्हणाले. "हे जमलं नाही, तर दुकान दुसऱ्याला देऊन टाकू."

काकाने 'मी दाढी वाढवतोय' म्हणत आधीच काढता पाय घेतला होता. आई बाजारात. राहिले मी. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कशालाही हो म्हणते. शिवाय माझा नवा बॉयकट, मानेवरची लव काढायची होतीच. बसले खुर्चीत.

"एक सांगतो," बाबा म्हणाले. "हाताला अजून नीट जाणवत नाही. किती दाबतोय ते तूच सांगायचं."

"फुगा कसा सांगायचा?"

"फुटून."

मी हसले. मग पातं मानेला टेकलं आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. बोल की."

"हलकं," मी म्हणाले. "हलकं."

मग दाब वाढला. आरशात बाबांचा चेहरा शांत होता, त्यांना काही कळलंच नव्हतं. वस्तऱ्याभोवतीची बोटं मात्र पांढरी पडत चालली होती. भरल्या सभागृहात खणखणीत निघणारा माझा आवाज ऐनवेळी गायब.

"बाबा... थांबा."

पातं थांबलं, पण उचललं गेलं नाही. बाबांचा डावा हात मदतीला निघाला आणि अर्ध्यातच थबकला. आरशात वस्तऱ्यावरची करंगळी आपोआप हलली. मग तिच्या शेजारचं बोट. वस्तरा मानेपासून सुटला.

बाबांनी तुरटी लावली. चरचरलं. म्हणजे कापलं होतं.

"भीती वाटली?"

"हो."

"मलाही." त्यांनी तुरटी खाली ठेवली. "उठ आता."

"एक बाजू राहिलीय," मी म्हणाले.

बाबांनी फेसाचा ब्रश उचलला.

मी मान खाली घातली आणि पातं टेकायच्या आधीच बोलायला लागले, "हलकं, बाबा. हलकं. हलकं."