सात भावांचा डावा खांदा

शिंपी ०. गिऱ्हाईक ०.

कागदावर एक ठिपका काढा. त्यातून रेघा किती निघतात? एकही नाही. दुसरा ठिपका काढला की एक रेघ. तिसरा काढला की तीन. चौथा, सहा. पाचवा, दहा. माझा सगळा धंदा एवढाच आहे. येणारा प्रत्येक माणूस आधीच्या सगळ्यांसाठी माझं शिवणकामाचं ॲप जास्त कामाचं करून ठेवतो. शिंपी दिसले की गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाईक दिसलं की शिंपी येतात. भागीदार होता तेव्हा आम्ही हे भिंतीवर काढलं होतं. भागीदार गेला. भिंत आहे.

अडचण पहिल्या ठिपक्याची असते.

शिंपी १. गिऱ्हाईक ०.

लाँड्रीच्या दुकानात काचेमागे एक कोपरा होता. शिलाई मशीन, स्टूल आणि मावशी.

"म्हणजे गिऱ्हाईक फोनमध्ये असतं?"

"हो मावशी. तुम्ही जागेवरून हलायचं नाही. कपडे आणायचे-न्यायचे कंपनीने."

"म्हणजे कोणी?"

"मी."

"एवढी मोठी कंपनी आणि हमाल एकच?"

त्या दिवसापासून माझं नाव कंपनी.

"येतील ना रे माणसं?"

"येतील की."

शिंपी १. गिऱ्हाईक १.

तो मी होतो. शिंपी रिकामा बसला तर आठवड्यात निघून जातो, आणि शिंपीच नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला? आधी कोंबडी की आधी अंडं, या भांडणात मी एक अंडं रंगवून ठेवलं. टोपणनाव: निळीछत्री. काम: पँटची उंची कमी करणे.

शिंपी १. गिऱ्हाईक ७.

निळीछत्री, आळशी६१, पाचवामजला आणि आणखी चार. सगळे मीच. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा ठेवला होता. आळशी६१ आभार मानत नाही. पाचवामजला कटकट्या. निळीछत्री बोलघेवडा.

निळीछत्री: कॉलर मस्त बसली मावशी.

मावशी: एक बटण सैल होतं. तेही लावलं.

निळीछत्री: मी सांगितलं नव्हतं!

मावशी: सांगावं लागलं तर मी कशाला बसलेय. आज गुडघा फार दुखतोय, पायडल मारवत नाही. तरी तुमचं आधी केलं.

निळीछत्री: शेकून घ्या. घाई नाही.

त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं असेल तर एवढंच. आणि तेही माझ्याशी नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात कपाटातले दुरुस्तीचे कपडे संपले. मग मी धड शर्ट ब्लेडने उसवायला लागलो.

शिंपी १. गिऱ्हाईक ७. (अजूनही.)

"काय कंपनी, एक विचारू? हे सातही जण भाऊ आहेत ना?"

मी पिशवी खाली ठेवली.

"अरे, सगळ्यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. असं घराण्यात असतं. आणि त्या घरात एक द्वाड कार्टं आहे बघ. चांगली शिवण ब्लेडने कापून ठेवतं. मी आता दुहेरी टीप मारते. काप म्हणावं आता!"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

"भरलं घर आहे. नशीब लागतं." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मी हा कोपरा सोडतेय. कामं फोनवरच येतात तर मशीन घरी नेते. तेवढेच घरचे जिने उतरायचे-चढायचे वाचतील. शनिवारी किल्ली द्यायची. मालकाला कोपऱ्यासाठी नवीन माणूसही मिळाला, चाव्या बनवणारा."

माझ्या कपाटात दोन शर्ट उरले होते.

न पाठवलेले निरोप:

मावशी, थोडं थांबा, सध्या मंदी आहे.

मावशी, कंपनीच्या नियमानुसार कोपरा असणं आवश्यक

मावशी, ते सात भाऊ परगावी चाललेत.

खरं सांगितलं तर माझा एकमेव शिंपी जाणार. नाही सांगितलं तर मावशी घरी मशीनसमोर बसून सात भावांची वाट बघणार.

शुक्रवार, दुपार.

"मावशी, ते भाऊ नाहीत."

"मग चुलत?"

"मी आहे. सातही मीच."

मशीन थांबलं.

"वळ."

मी वळलो. त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर पंजा ठेवला, उजव्यावर ठेवला, परत डाव्यावर.

"आणि ते कार्टं?"

"तेही मीच."

हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत.

"गुडघ्याचं मी निळीछत्रीला सांगितलं होतं."

"हो."

"तुला नव्हतं सांगितलं."

मग त्या उठून मालकाकडे गेल्या. काचेतून मला फक्त हात दिसत होते, त्यांचे जोडलेले आणि मालकाचे आडवे हलणारे. बऱ्याच वेळाने परत आल्या.

"चावीवाल्याला शब्द दिलाय म्हणतो. अर्धा कोपरा देतोय. मशीन आडवं लावावं लागेल. धर त्या बाजूने."

मी धरलं. आडव्या मशीनवर बसलं की काचेतून रस्ता दिसत नाही, भिंत दिसते. त्यांनी बसून बघितलं.

"ॲपवर राहाल?" मी विचारलं.

"माझं नाव काढ. पुन्हा येशील तेव्हा पिशवी नको, माणूस घेऊन ये. हाडामासाचा. मग बघू."

शिंपी ०. गिऱ्हाईक ०.

खातं बंद करताना ॲप विचारतं: आपण का जात आहात? हा प्रश्न मीच लिहिला होता. सहा जणांचं उत्तर भरलं. निळीछत्रीची चौकट रिकामी सोडली.

शनिवारी सकाळी माझ्या घरासमोरचं दार वाजवलं. ते साखळीपुरतं उघडलं. एक बाई, हातात ओला कपडा.

"नवीन राहायला आलात?"

"नाही. चार वर्षं झाली. समोरच राहतो."

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"ते घर रिकामं आहे ना?"

"नाही. मी असतो. तुमच्याकडे काही उसवलेलं, फाटलेलं आहे का? लाँड्रीच्या दुकानात एक मावशी बसतात. हात फार चांगला आहे त्यांचा. तुम्ही स्वतः या. मी फक्त दुकान दाखवतो."

"तुम्हाला काय मिळणार त्यात?"

मी रिकामे हात पुढे केले.

"थांबा," त्या म्हणाल्या. दार लागलं. आत ट्रंक सरकवल्यासारखा आवाज झाला.

मी थांबलो.